खंडूसह मेक्सिको : डिसेंबरातला गाडीप्रवास

मेक्सिकोला कुत्रा घेऊन गाडीने जाण्याचा बेत कानावर गेला, तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने दोनच गोष्टींची भीती घातली : कागदपत्रे आणि रस्त्यांवरची सुरक्षितता. प्रत्यक्षात या दोहोंनी आम्हाला फारसा त्रास दिला नाही. खरी कसोटी पाहिली ती चर्चसमोर पहाटेपासून उडणाऱ्या फटाक्यांच्या बाणांनी आणि डोंगरातल्या निवडुंगाच्या काट्यांनी, आणि त्यांच्याविषयी आम्हाला कोणी अवाक्षरही सांगितले नव्हते. म्हणून या वर्णनात कागदपत्रांइतकीच जागा त्यांनाही दिली आहे.

आम्ही सॅन अँटोनिओला राहतो. आमचा खंडू तीस किलोंचा असल्यामुळे त्याला विमानात प्रवाशांसोबत बसता येत नाही, आणि नाताळच्या सुट्टीत कुत्र्यांच्या पाळणाघरांत जागा मिळणे दुरापास्त असते. सीमेवरचे लारेडो मात्र घरापासून जेमतेम अडीच तासांवर. तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात मध्य मेक्सिकोच्या पठारापर्यंत गाडीनेच जायचे आणि नाताळ सान मिगेल दे आयेंदेला करायचा, असे ठरले.

तयारी

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी आधी महत्त्वाचे : पासपोर्टवर अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा किंवा हातात ग्रीन कार्ड असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मुदत संपलेल्या शिक्क्यावर मात्र ही सवलत मिळत नाही, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या अनेकांचे घोडे तिथेच अडते.

गाडी सीमेलगतच्या पट्ट्यापलीकडे न्यायची, तर तात्पुरत्या आयातीचा परवाना घ्यावा लागतो. तो बानहेर्सितो ही तिथली लष्करी बँक देते. २००७ किंवा त्यानंतरच्या गाडीसाठी ४०० डॉलर अनामत ठेवावी लागते आणि परतताना परवाना रद्द करून घेतल्यावर ती परत मिळते. गाडी कर्जावर असेल, तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे संमतिपत्र हवे. अमेरिकेतला विमा तिथे ग्राह्य नसल्यामुळे मेक्सिकोतला विमा वेगळा काढावा लागतो, आणि तो ऑनलाइन पाच-दहा मिनिटांत निघतो.

खंडूची कागदपत्रे त्याहून सोपी निघाली. अमेरिकेतून किंवा कॅनडातून येणाऱ्या कुत्र्यांसाठी मेक्सिकोने २०१९ च्या डिसेंबरापासून आरोग्य-प्रमाणपत्राची अट काढून टाकली आहे. सीमेवर सेनासिका या मेक्सिकोच्या कृषी-आरोग्य खात्याचा माणूस जनावर डोळ्यांखालून घालतो, एवढेच. तरीही रेबीजच्या लसीचा दाखला आम्ही बरोबर ठेवला होता. त्याखेरीज पशुवैद्याकडून घाबरटपणावरच्या गोळ्या घेतल्या आणि पशुवैद्याच्याच सल्ल्याने एक गोळी निघण्यापूर्वी घरी देऊन पाहिली, कारण काही कुत्री अशा औषधाने शांत होण्याऐवजी बिथरतात.

लारेडो ते साल्तीयो

पहाटे अंधारातच निघालो. लारेडो शहरातून पलीकडे गेल्यास आपण तामाउलिपास राज्यातल्या नुएव्हो लारेडोत उतरतो, आणि त्या राज्याबाबत अमेरिकी परराष्ट्र खात्याची सूचना अगदी कडक आहे. म्हणून आम्ही शहराच्या वायव्येचा कोलंबिया पूल धरला. तो थेट नुएव्हो लेओन राज्यात उतरतो, गर्दीही कमी असते, आणि प्रवेशपत्र, गाडीचा परवाना व जनावराची तपासणी ही तिन्ही कामे तिथे एकाच आवारात होतात.

गर्दी कमी म्हणजे एरवीपेक्षा कमी. डिसेंबरात अमेरिकेत कामाला असलेले लक्षावधी मेक्सिकन आपापल्या गावी निघतात. त्यांना तिकडे ‘पाइसानो’ म्हणतात आणि त्यांच्या सोयीसाठी सरकार खास मदतकेंद्रे उघडते. रांगेत आमच्या पुढे डॅलसहून आलेले एक कुटुंब होते. त्यांच्या पिकअपवर धुण्याचे यंत्र, दोन सायकली, गाद्या आणि एक प्लास्टिकचा घोडा दोरखंडाने करकचून बांधलेला होता. ते केरेतारो राज्यातल्या हाल्पानचे. दर डिसेंबरात त्या गावाकडे जाणाऱ्या गाड्यांचा मोठा तांडा पोलीस बंदोबस्तात लारेडोहून निघतो, पण या वर्षी त्यांना सुट्टी उशिरा मिळाल्याने तो चुकला होता. त्यातल्या आजोबांनी खंडूचे कान कुरवाळत आम्हाला बजावले, “अंधार पडला की गाडी उभी करायची. चोरांपेक्षा रस्त्यावरच्या गाई वाईट.” हा सल्ला आम्ही शेवटपर्यंत पाळला.

सेनासिकाच्या माणसाने खंडूला डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिले, कानाच्या मागे बोटे फिरवून गोचीड नाही याची खात्री केली आणि त्याच्या खाण्याची पिशवी उघडायला लावली. कंपनीची मोहोर न फोडलेली पिशवी त्याने जाऊ दिली. डब्यात सुटे आणलेले खाणे दिवसापुरते ठेवून उरलेले काढून टाकले. कुत्र्याला घरी कोंबडी-भात करून घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मेक्सिकोत बऱ्याच ठिकाणी दोन रस्ते समांतर जातात : टोलचा ‘कुओता’ आणि फुकटचा ‘लिब्रे’. टोल महाग पडतो, पण रस्ता रुंद आणि चांगला असतो. टोलसाठी सुटे पेसो जवळ हवेत. तेव्हा डॉलरला साधारण सतरा पेसो मिळत होते. वाटेत गाडी बंद पडलीच, तर ०७८ हा क्रमांक फिरवावा. ‘आंखेलेस व्हेर्देस’ म्हणजे हिरवे देवदूत या नावाची सरकारी हिरवी गाडी येते आणि मजुरीचे पैसे घेत नाही. पेट्रोल पंपावर भरणारा माणूस असतो. यंत्रावर शून्य दिसल्याशिवाय त्याला नळी लावू देऊ नये आणि निघताना पाच-दहा पेसो त्याच्या हातावर ठेवावेत.

माँतेरेई बाहेरूनच टाळून संध्याकाळी साल्तीयोला पोचलो. हे शहर सुमारे १,६०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे सूर्य कलताच स्वेटर चढवावे लागले. इथला ‘पान दे पुल्के’ हा पाव घायपातीच्या जातीच्या मागेय झाडाच्या आंबवलेल्या रसाने फुगवतात. तो किंचित गोड, किंचित आंबूस लागतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. बेकरीवाल्या बाईंनी पिशवी देताना, “त्याला देऊ नका, आत मनुका आहेत,” असे खंडूकडे बोट दाखवून सांगितले. मनुका आणि द्राक्षे कुत्र्यांना विषारी असतात हे इतक्या सहज एका पाववालीला ठाऊक असावे, याचे आम्हाला अप्रूप वाटले. पुढे नाताळात हीच सूचना फार उपयोगी पडली.

रेआल दे कातोर्से

साल्तीयोहून ५७ क्रमांकाचा महामार्ग दक्षिणेला सरळ धावतो. दोन्ही अंगांना युक्काची झाडे, मध्येच वाळत टाकलेली सापाची कातडी विकणारे टपरीवाले. मातेवालाच्या अलीकडे एका टपरीवर ‘गोर्दिता’ खाल्ल्या : मक्याची जाड भाकरी तव्यावर भाजून, पोट चिरून, आत निवडुंगाच्या पानांची भाजी आणि घेवडा. शाकाहारी मंडळींनी घेवडा कशात परतला आहे हे विचारून घ्यावे, कारण तिथे डुकराच्या चरबीचा वापर सर्रास होतो. ‘सिन मान्तेका’ एवढे दोन शब्द पाठ असले की काम भागते.

मुख्य रस्ता सोडल्यावर रेआल दे कातोर्सेपर्यंत जवळजवळ पंचवीस किलोमीटर दगडी फरसबंदीचा चढ आहे. त्याच्या शेवटी ओगार्रियो बोगदा लागतो. १९०१ साली खाणीसाठी खोदून पुरा झालेला हा सव्वादोन किलोमीटरहून लांब बोगदा एवढा अरुंद आहे की, एका वेळी एकाच दिशेने गाड्या जातात. दोन्ही तोंडांवर बसलेली माणसे एकमेकांशी फोनवर बोलून वाहतूक सोडतात. आमचा क्रमांक यायला अर्धा तास लागला. तेवढ्यात बोगद्याच्या तोंडाशी राहणाऱ्या चार कुत्र्यांनी आमच्या गाडीला वेढा घातला आणि खंडू काचेआडून भुंकू लागला. पावत्या फाडणाऱ्या मुलाने नुसते खाली वाकून दगड उचलल्याचे नाटक केले, आणि चारही कुत्री पसार झाली. पुण्याच्या गल्ल्यांत चालणारी ही युक्ती २,७०० मीटर उंचीवरच्या या मेक्सिकन गावातही तितकीच लागू आहे, हे पाहून आम्ही पुढच्या सगळ्या गावांत तीच वापरली. दगड एकदाही उचलावा लागला नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे चांदी सापडली आणि गाव भरभराटले. एकोणिसाव्या शतकात काही काळ इथे टांकसाळही चालली. पुढे चांदीचे भाव पडले, १९१० मध्ये क्रांती सुरू झाली आणि गाव रिकामे होत गेले. आज पर्यटनावर थोडी जाग आली असली, तरी निम्मी घरे छपराविना उभी आहेत. विशारिका आदिवासी दरवर्षी शेकडो किलोमीटरवरून इथल्या विरिकुताच्या माळावर यात्रेला येतात. एल केमादो हा त्यांचा पवित्र डोंगर गावाजवळच आहे. तिथे घोड्यावरून नेणारे बरेच होते, पण दुसऱ्यांच्या देवस्थानावर कुत्रा घेऊन चढणे आम्हाला रुचले नाही. आम्ही वरच्या बाजूच्या ओसाड वस्तीच्या अवशेषांकडे गेलो.

तिथेच काट्यांचा प्रसंग घडला. खंडूने सरड्यामागे झेप घेतली आणि निवडुंगाचा एक अख्खा पेर त्याच्या पुढच्या पंजाला चिकटला. काटे सुटे उपटू लागले की ते बोटांत शिरतात आणि पेर तसाच राहतो. नवऱ्याने त्याला घट्ट धरले. मी जाड दातांचा कंगवा पेर आणि पंजा यांच्यामध्ये सरकवून एका झटक्यात पेर दूर उडवला, आणि मग उरलेले बारीक काटे चिमट्याने एकेक करून काढले. शेवटचा काटा दोन बोटांच्या मधल्या पडद्यात होता आणि तो निघेपर्यंत खंडूने माझे मनगट तोंडात धरून ठेवले होते, पण दात लावले नाहीत. या प्रदेशात कुत्रा नेणाऱ्याच्या खिशात कंगवा आणि चिमटा असलेच पाहिजेत, गाडीत ठेवून उपयोग नाही.

रात्री पारा शून्याजवळ उतरला. खोलीत शेगडी नव्हती. जाड लोकरी कांबळी मात्र हवी तेवढी होती, आणि त्यांतले सर्वांत जाड खंडूने पटकावले.

सान मिगेल दे आयेंदे

सान लुइस पोतोसीला जेवणापुरते थांबून सान मिगेलला आलो. मातेवालाच्या दक्षिणेला वाटेत कर्कवृत्त ओलांडले होते, पण पठाराच्या उंचीमुळे उष्ण कटिबंधाची उब कुठे जाणवली नाही. दुपारी ऊन चटचटायचे आणि सकाळी हात गारठायचे. तिथल्या हिवाळ्यात हेच सर्वत्र चालते. कुत्र्याला दुपारी बारानंतर दगडी फरशीवरून चालवू नये; आपला तळहात टेकवून पाहावा.

२००८ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या शहरात अमेरिकेतून व कॅनडातून येऊन राहिलेले निवृत्त लोक खूप आहेत. त्यामुळे कुत्र्यासह राहू देणारी घरे सहज मिळतात. फक्त आरक्षण करताना कुत्र्याचे वजन स्पष्ट कळवून लेखी होकार घ्यावा, कारण जाहिरातीतली परवानगी अनेकदा लहान जातींपुरतीच असते. मध्यवर्ती चौकात ला पार्रोकिया हे गुलाबी दगडाचे चर्च आहे. त्याचा दर्शनी भाग सेफेरिनो गुतिएर्रेस या स्थानिक गवंड्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचला. युरोपातल्या चर्चांची चित्रे पाहून त्याने तो बेतला, असे लोक सांगतात.

खंडूला चर्चपेक्षा गच्च्यांत रस होता. या भागात राखणीची कुत्री घराच्या सपाट गच्चीवर ठेवण्याची पद्धत आहे, आणि रस्त्याने कोणी जाऊ लागले की ती कठड्यावरून माना बाहेर काढून भुंकतात. पहिल्या सकाळी खंडू दर घरासमोर थांबून वर पाहत होता. दुसऱ्या सकाळपासून तो मान वर न करता रस्त्याच्या मधून चालू लागला.

आणि मग बाण. ‘कोएते’ म्हणजे काठीला बांधलेली, फक्त आवाज करणारी रॉकेटे. चर्चचा सण असला की ती पहाटे चार-पाचलाच सुटू लागतात, आणि डिसेंबरात सणांना तोटा नसतो. पहिल्याच पहाटे खंडू पलंगाखाली शिरला तो दुपारीच बाहेर आला. घरमालकीणबाईंनी स्वतः येऊन आमची सोय बदलली. रस्त्याकडची खोली काढून घेऊन त्यांनी आतल्या चौकाच्या पलीकडची, एकच लहान खिडकी असलेली सामानाची खोली झाडून दिली, खिडकीला कांबळे लावले आणि रेडिओ आणून ठेवला. “आमची कुत्री जन्मल्यापासून ऐकतात. तुमचा कुत्रा पाहुणा आहे,” त्या म्हणाल्या. पुढचे दिवस आम्ही पहाटे साडेतीनचा गजर लावून त्याला पशुवैद्याने दिलेली गोळी देत होतो, आणि फिरायला नेताना गळपट्ट्याच्या जोडीला छातीचा पट्टाही बांधत होतो. घाबरलेला कुत्रा गळपट्ट्यातून मान सोडवून घेऊन पळू शकतो. गावात हरवलेल्या कुत्र्यांची पत्रके जागोजागी चिकटवलेली होती. कुत्रा फटाक्यांना फारच भीत असेल, तर नाताळच्या आठवड्यात अशा गावात राहूच नये, असे माझे मत झाले आहे. शहराबाहेरचे शेतघर बरे.

१६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री ‘पोसादा’ चालतात. येशूचे आईवडील मारिया आणि जोसेफ यांनी बेथलेहेममध्ये रात्रीचा आसरा शोधला, त्याचे हे गाणारे नाट्य. अर्धे लोक दाराबाहेर उभे राहून आसरा मागतात, अर्धे आतून नकार देतात, आणि शेवटी दार उघडते. मालकीणबाईंच्या गल्लीतल्या पोसादाला आम्हालाही बोलावणे होते. गाणे संपल्यावर आतल्या पातेल्यातून ‘पोंचे’ वाटले गेले. पेरू, ऊस, चिंच, दालचिनी, तेहोकोते नावाची लहान पिवळी फळे आणि पिलोन्सियो, म्हणजे चक्क शंकूच्या आकाराच्या ढेपेतला गूळ, असे सगळे तासन् तास उकळलेले ते गरम पेय. मी पातेल्यात डोकावून एकेक जिन्नस नावानिशी ओळखला, तेव्हा तिथल्या आजीबाईंनी माझी परीक्षाच घेतली. तेहोकोतेपाशी मी नापास झाले. दक्षिण भारतातून आलेली असावी असे गृहीत धरून त्यांनी मला मिरचीविषयीही बरेच विचारले. महाराष्ट्र कुठे आहे हे सांगायला टेबलावरच्या पिठात नकाशा काढावा लागला.

सात पापांची सात टोके असलेला, आत खाऊ भरलेला पिन्याता मुलांनी काठीने फोडला. त्यातून उसाचे तुकडे, मोसंबी आणि शेंगा सांडल्या. मुले धावली, आणि लगोलग खंडूला भरवायला आली. पोंचेमध्ये मनुका, तामाल या मक्याच्या उकडलेल्या पदार्थात मनुका, वर चॉकलेट. साल्तीयोच्या पाववालीची सूचना आठवून आम्ही शेंगदाण्यांची एक वाटी बाजूला काढली आणि मुलांना सांगितले की त्याला फक्त यातलेच चालते. सोललेले बिनमिठाचे दाणे त्याने एकेका मुलाच्या हातून रांगेने खाल्ले.

आंगांगेओ : फुलपाखरांचा डोंगर

नाताळ आटोपून मिचोआकान राज्यातल्या आंगांगेओला गेलो. या राज्याबाबतही परदेश-प्रवासाच्या सूचना कडक आहेत, हे जाणून आम्ही दिवसाउजेडी, टोलच्या रस्त्यानेच आणि एका मुक्कामापुरते गेलो. ज्यांना तेवढेही नको, त्यांच्यासाठी शेजारच्या, ‘मेक्सिको’ हेच नाव असलेल्या राज्यात पिएद्रा एर्रादा हे अभयारण्य आहे.

मोनार्क फुलपाखरे कॅनडा व अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत इथल्या ओयामेल या सूचिपर्णी वृक्षांवर हिवाळा काढायला येतात आणि मार्चपर्यंत राहतात. ऑक्टोबरात ती टेक्सासवरून जातात, आमच्या अंगणातल्या फुलांवर दोन दिवस थांबतात. ती जिथे जातात ते ठिकाण पाहायचे होते, हे या प्रवासाचे एक कारण होते. शास्त्रज्ञांना या भागातल्या त्यांच्या मुक्कामाचा पत्ता १९७५ साली लागला. गावकऱ्यांना तो अर्थातच आधीपासून माहीत होता.

एल रोसारियो अभयारण्यात कुत्र्यांना प्रवेश नाही, आणि तो नियम योग्यच आहे. आम्ही पाळीपाळीने वर गेलो. एक जण खाली निळ्या मक्याच्या केसादिया (चीज भरून दुमडलेल्या पोळ्या) भाजणाऱ्या बायकांच्या टपऱ्यांपाशी खंडूला घेऊन बसे. वर जाताना स्थानिक वाटाड्या सोबत असावाच लागतो. तीन हजार मीटरच्या उंचीवर पायऱ्या चढताना दम लागतो, म्हणून हळूहळू चढावे, आणि सकाळी घाई करू नये : ऊन पडल्याशिवाय फुलपाखरे हलत नाहीत. मी पोचले तेव्हा फांद्या वाळक्या पानांनी लगडल्यासारख्या खाली वाकल्या होत्या. अकराच्या सुमारास ढग सरला, त्या ‘पानांच्या’ घडीतून नारिंगी रंग उघडला आणि झाड सुटे होऊन हवेत उडाले. वाटाड्याने तोंडावर बोट ठेवले होते; पंखांचा आवाज हलक्या पावसासारखा खरोखर ऐकू येतो. वाटेवर बसलेली फुलपाखरे पायाखाली येऊ नयेत म्हणून तो पुढे होऊन प्रत्येक पायरी आधी पाहत होता.

खाली आले तर टपरीवालीने खंडूच्या गळ्यात नवऱ्याचा मफलर बांधला होता आणि त्याला बघायला येणाऱ्यांची गर्दी तिच्या केसादियांना उपकारक ठरली होती. आमचे पैसे घेताना तिने दोन केसादिया हिशेबातून वगळल्या.

परतीचा रस्ता

मेक्सिको सिटी आम्ही मुद्दाम टाळली. हवेच्या प्रदूषणामुळे तिथे गाड्यांवर ठरावीक वारी व वेळी बंदी असते आणि बाहेरच्या नंबरपाट्यांना ती अधिक जाचक आहे. पुरातन अवशेषांच्या सरकारी ठिकाणी, उदाहरणार्थ तेओतिवाकानला, कुत्रे नेता येत नाही, हेही कारण होते. केरेतारोत एक रात्र काढून चौऱ्याहत्तर कमानींच्या जुन्या पाणीपुलाखाली खंडूला फिरवले आणि उत्तरेकडे वळलो. वाटेत लष्कराचे एक तपासणी नाके लागले. जवानाने डिकी उघडायला सांगितली, मागच्या सीटवर खंडू पाहून “चावतो का?” एवढेच विचारले आणि नाही म्हटल्यावर बंदूक पाठीवर सरकवून त्याचे डोके थोपटले.

कोलंबिया पुलावर परतताना आधी बानहेर्सितोच्या खिडकीशी थांबावे. गाडीचा परवाना रद्द केल्याची पावती हातात घेतल्याशिवाय पूल ओलांडू नये, नाहीतर अनामत बुडते आणि पुढच्या वेळी त्या गाडीला परवाना मिळणे कठीण होते. आमचे ४०० डॉलर ज्या कार्डावरून दिले होते, त्याच कार्डावर जमा झाले. अमेरिकी बाजूला अधिकाऱ्याने रेबीजचा दाखला पाहिला, फळे व मांस आहे का ते विचारले आणि जाऊ दिले.

त्यानंतर नियम बदलले आहेत, म्हणून आता जाणाऱ्यांसाठी : १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत येणारा प्रत्येक कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप लावलेला असावा लागतो, आणि सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा ऑनलाइन अर्ज भरून त्याची पावती जवळ ठेवावी लागते. चिप प्रवासाच्या बऱ्याच आधी बसवून तिचा क्रमांक लसीच्या दाखल्यावर लिहून घ्यावा. शिवाय २०२४ च्या अखेरीस दक्षिण मेक्सिकोत जिवंत जनावरांच्या जखमांत अळ्या पाडणाऱ्या स्क्रूवर्म माशीचा प्रादुर्भाव पुन्हा आढळल्याने अमेरिकेच्या कृषी खात्याने मेक्सिकोतून येणाऱ्या जनावरांबाबत वेगळ्या अटी घातल्या आहेत. निघण्याच्या आठवड्यात त्या खात्याच्या संकेतस्थळावर कुत्र्यांसाठीचा चालू नियम वाचावा, तपासणीचे प्रमाणपत्र लागत असेल तर ते परतीच्या वाटेवर कोणत्या गावी घ्यायचे हे आधीच ठरवावे, आणि कुत्र्याला कुठे साधे खरचटले तरी ती जखम झाकून ठेवावी.